भूमीआजोबांना सिनेमा आवडला का?

बी-यूनचं तोंड बंद राहावं म्हणून जिन-फाने त्या संध्याकाळी खारवलेल्या आलुबुखारांची अख्खी पुडी आणली होती.

"एक संपला की दुसरा घाल," पडद्याची दोरी ताणत तो बायकोला म्हणाला. "पण बोलू नकोस. आज तरी नको."

"मी कधी बोलते?"

जिन-फाने अख्खी पुडी तिच्या हातात कोंबली.

गावात कुणाचा नवस फेडायचा असला की भूमीआजोबांच्या देवळासमोर सिनेमा लावायचा, ही तिथली रीत. पडदा देवाच्या तोंडासमोर. माणसं आली तर आली. देवाने पाहिला की नवस फिटला. जिन-फा आपल्या छोट्या ट्रकमध्ये मशीन घालून गावोगाव हेच काम करायचा. अडचण एवढीच, की त्याची तान्ही आ-मी मशीनच्या घरघरीशिवाय झोपत नसे, आ-मी आईच्या पाठीला बांधलेली असे, आणि आईला डोळे होते.

बी-यून दिवसभर कालवं फोडायची. त्यामुळे म्हणा, कुठलीही गोष्ट फोडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भाड्याने आणलेली कादंबरी परत देताना ती दुकानदारीणबाईंना म्हणाली होती, "ही पोरगी पहिल्या पानापासून तापाने फणफणलीय. जीव टाकणारे दोघं आहेत, पण डॉक्टर बोलवायचं एकालाही सुचत नाही." देवळाचे प्रमुख काओ काका, त्यांच्या लेकीची, रुई-चूची, गाण्याची कॅसेट भर बाजारात वाजत होती तेव्हा ही म्हणे, "आवाज गोड आहे गं, पण ही श्वास घेते कुठे? ऐकून मलाच धाप लागते." आणि गेल्या महिन्यात तर कहरच केला. नातू झाला म्हणून एका आजीबाईंनी सिनेमा लावला, आणि हिने त्यांच्यादेखत थेट देवालाच सांगितलं, "आजोबा, तुम्ही खुशाल डोळे मिटा. यात काही नाही. संपला की मी उठवते." आजीबाईंनी पुढचा नवस शेजारच्या गावच्या सिनेमावाल्याकडून फेडला.

आज भूमीआजोबांचा वाढदिवस होता, आणि वर्षभराचं काम कुणाला द्यायचं ते काओ काका आज ठरवणार होते. ते हातचं गेलं असतं तर ट्रक विकून जिन-फा दूर काओश्युंगच्या गोदीत कामाला जाणार होता. म्हणजे आ-मीला बाप दिसायचा तो सणासुदीला. पाठीवर झोपेतच तोंड चाळवणाऱ्या लेकीला बी-यूनने हलकेच थोपटलं आणि आलुबुखार गालात सरकवला.

काओ काका नवा कोट घालून आले. काखेत रिळांचे डबे.

"आज हा लावायचा. शहरातल्या लोकांनी आपल्या बंदरावर काढला ना, तो. बापाचं काम मी केलंय. गाणं आमच्या रुई-चूचं."

जिन-फाने बायकोकडे पाहिलं. बायकोने दुसरा आलुबुखार तोंडात टाकला.

एरवी देवळापुढे दोन म्हातारे आणि एक कुत्रं असायचं. आज गाव लोटलं होतं. निम्मे लोक पडद्याकडे बघत होते, निम्मे बी-यूनकडे.

पडद्यावर काका मरायला लागले. खोकले, होडीची वाटणी केली, मान टाकली. बायकांनी रुमाल काढले. काका पुन्हा उठून बसले. रुमाल आत गेले. रुई-चूचं गाणं सुरू झालं, संपलं, तरी काका आपले आहेतच. बी-यूनचे दोन्ही गाल आता टम्म फुगले होते.

शेवटी एकदाचा सिनेमा संपला, दिवे लागले.

"काय गं बी-यून," काका कोट सारखा करत म्हणाले, "आज गप्पशी?"

"काका, सिनेमा देवाचा," ती कशीबशी म्हणाली. "देवालाच विचारा की."

जिन-फाचा जीव भांड्यात पडला. पण काकांना ती कल्पना भलतीच आवडली. त्यांनी चौथऱ्यावरचे कौल उचलले. लाकडाच्या दोन चंद्रकोरी, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. देवाला आपलं नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला आणि विचारलं, "भूमीआजोबा, सिनेमा आवडला का?"

कौल पडले. दोन्हींच्या सपाट बाजू वर. म्हणजे ना होकार, ना नकार, देवाचं नुसतं हसू.

"आजोबा हसले!" कुणीतरी ओरडलं.

काकांनी पुन्हा टाकले. आजोबा पुन्हा हसले. तिसऱ्यांदाही तेच. मग मागून एक म्हातारा खुदकला, आणि देवापाठोपाठ गावही हसायला लागलं.

काकांचे कान लाल झाले. "माझ्या मरणावर हसतात? छे! मशीनच धड चाललं नाही. पडदा वाकडा लावलाय. जिन-फा, वर्षाचं काम मी त्या दुसऱ्याला—"

"मशीन झकास चाललं!" आलुबुखाराची बी सुटली ती थेट उदबत्त्यांच्या कुंडाशी जाऊन पडली. "पडदाही सरळ होता. लांबलं ते तुमचं मरण! तेवढ्यात माझी टोपलीभर कालवं फोडून झाली असती!"

जिन-फाने डोळे मिटून घेतले.

"पण काका," ती आवाज जरा खाली आणत म्हणाली, "सिनेमातली लेक डॉक्टरला आणायला धावते ना, तेव्हा तुम्ही पडल्यापडल्या हात लांब करून तिच्या चपला दाराकडे फिरवून ठेवल्यात. तिचा पाय पटकन जावा म्हणून. तिने बघितलंही नाही. मी बघितलं. तेव्हा मला तोंडातला आलुबुखार गिळता येईना. तिथेच मरायचं होतंत. पुढचं सगळं कापून टाका."

काका खाली बघत होते.

"ते कागदावर नव्हतं," ते म्हणाले. "हात आपसूक गेला. दिग्दर्शक माझ्यावर खेकसला होता."

"त्याला पोरंबाळं नसतील."

काकांनी नाक ओढलं. मग कौल उचलून त्यांनी पुन्हा नाव-पत्ता सांगितला. "आजोबा, चपलांशी मरू का?"

एक सपाट, एक फुगीर. होकार.

"आणि वर्षभराचं मशीन जिन-फाचं?"

पुन्हा होकार. जिन-फा देवापुढे वाकला, मग काकांपुढे, आणि भांबावून त्या कुत्र्यापुढेही वाकला. आ-मी जागी झाली. बी-यूनने तिला पाठीवरून सोडून बापाच्या हातात दिलं आणि तोंड धुवायला नळाकडे वळली. तेवढ्यात कुणीतरी तिची बाही धरली. रुई-चू होती.

"ताई, आणि माझं गाणं?"

लेकीला खांद्यावर घेतलेला जिन-फा जागच्या जागी थिजला.

बी-यूनने बाजूचं स्टूल पायाने पुढे ओढलं.

"बस," ती म्हणाली. "वेळ लागेल."