उजवा कौल

माझा चुलता भाई गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. दसऱ्याला देवाचं तरंग, म्हणजे साडी नेसवलेला देवाचा उंच खांब, खांद्यावर घेण्याचा मान त्याचा होता. दुसरी गोष्ट दारू. एका दसऱ्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. भाई तरंग घेऊन मिरवणुकीतून निघाला तो सरळ एस.टी. स्टँडवर गेला आणि कुडाळच्या गाडीच्या रांगेत उभा राहिला. देवाचं तिकीट अर्धं काढायचं की पूर्ण, यावर कंडक्टरनेही बराच विचार केला म्हणतात.

गावाने देवाला परत आणलं आणि भाईला सांगितलं, पुन्हा असं झालं तर मान दुसऱ्या घरात जाईल. शिमग्यात भाईने देवळात सगळ्यांसमोर दारू सोडली. सोडली ती खरोखर सोडली. सुगंधाकाकी महिनाभर त्याच्या तोंडाचा वास घेत होती. मग तिने वास घेणंही सोडलं, आणि त्या दोघांचं आयुष्य बरं चाललं.

पावसाळा आला, लावणी सुरू झाली. सरकारी दवाखान्याची आशाताई घरोघर फिरून चिखलात काम करणाऱ्यांना आठवड्याची कॅप्सूल देऊ लागली. उंदीर पाण्यात मुततात, ते पाणी पायाच्या जखमेतून अंगात जातं, ताप येतो आणि माणूस मरूही शकतो, असं ती प्रत्येक ओटीवर सांगायची. भाईने सगळं नीट ऐकलं, कॅप्सूल घेतली आणि पेजेतून बैलाला घातली.

मी विचारलं, असं का. भाई म्हणाला, "आमी दोघांय एकाच चिखलात. माका काय झाला तर मी सांगान. तो कोणाक सांगतलो?"

  पुढच्या आठवड्याची कॅप्सूलही बैलालाच गेली.

मग एका दुपारी भाई शेतातून आला तो झोकांड्या देत. पडवीचा खांब धरून उभा राहिला. डोळे लालभडक. काकी बाहेर आली, तिने बघितलं, आणि बऱ्याच महिन्यांनी तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास आला नाही. त्यावरून तिने निष्कर्ष काढला की आता वास न येणारी दारू निघाली आहे. फोनच्या वायरी गेल्या, तसे दारूचे वासही गेले असतील.

"मी पिवक नाय," भाई म्हणाला. "माका ताप इलोहा. पोटऱ्यो दुखतत."

काकी म्हणाली, लावणीत पोटऱ्या कोणाच्या दुखत नाहीत. ती स्वतः सकाळपासून वाकलेली होती, तिच्याही दुखत होत्या. ताप म्हणावा तर पावसात निम्म्या वाडीला ताप होता. राहिले डोळे. आमच्या गावात लाल डोळ्यांचा अर्थ लहान पोरांनाही माहीत असतो, आणि तो एकच असतो.

संध्याकाळपर्यंत बातमी तिठ्यावर पोचली. बाबू, जो रोज पितो आणि त्यामुळे या विषयातला जाणकार मानला जातो, त्याने येऊन भाईचे डोळे तपासले आणि सांगितलं, काजूची आहे, गोव्याची. भाईचा मान आता कोणाकडे जाणार, यावर लोक बोलू लागले.

मी रिक्षा चालवतो. दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात लावून म्हटलं, भाई, चल, सरकारी दवाखान्यात जाऊया. भाईला धड उभं राहता येत नव्हतं. तो म्हणाला, "ताप काय पळान जाता? मान जाता. आदी देवळात चल."

त्याला कौल लावायचा होता. गावात भांडण तुटेना, चोरी सापडेना, की देवाला विचारतात. दाजी गुरव भिजवलेले तांदूळ देवाच्या पाषाणावर चिकटवतो. उजवीकडचा दाणा आधी पडला तर देव तुमच्या बाजूने, डावीकडचा पडला तर तुम्ही तुमचं बघा.

निम्मा गाव जमला. भाईला मी आणि काकीने दोन्हीकडून धरलं होतं. काकी त्याच्याकडे बघत नव्हती. दाजीने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरावर दारूचो आळ इलेलो आसा. तो जर पिवक नसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

देवाने फार वेळ घेतला नाही. उजवा दाणा टपकन पडला.

काकी तिथेच रडायला लागली. बाबूने तोंड लपवलं, मग नारळ फोडायला पुढे झाला. लोकांनी भाईची पाठ थोपटली, आणि पाठ तापलेल्या तव्यासारखी लागली तरी थोपटतच राहिले. तो प्यायलेला नाही हे ठरलं होतं. मग डोळे लाल कशाने, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. देव विचारलं तेवढंच सांगतो. त्या बाबतीत तो अगदी सरकारी आहे.

घरी काकीने घावणे केले. भाईने एकाचा तुकडा तोंडात घातला आणि ओकला. तरी तो हसत होता. ताप कौलाने उतरेल अशी त्याची समजूत असावी. मी पुन्हा दवाखान्याचं काढलं, तर काकी म्हणाली, आज सुटलाय बिचारा, आज झोपू दे.

सकाळी डोळ्यांतल्या लालीत पिवळं मिसळलं होतं. रात्रीपासून लघवी झाली नव्हती. मी त्याला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टर तन्वी होत्या, आमच्याकडे नव्याने आलेल्या. त्यांनी काही विचारायच्या आधी भाईचं डोळ्याखालचं कातडं खाली ओढलं, मग हळूच पोटरी दाबली. भाई असा ओरडला की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले.

डॉक्टर म्हणाल्या, "लेप्टो आहे, उंदराच्या मुताचा ताप. दारूने डोळे असे होतात, पण पोटरी दाबल्यावर कोणी असं ओरडत नाही."

दारूचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या भागात काम करायचं तर ते विचारात धरावं लागत असेल.

भाईने मान वळवून काकीकडे बघितलं. "आयकलंस गो? डॉक्टरीण पण ताच म्हणता."

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला आनंद सोडून दुसरा शब्द मला सुचत नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं, सलाईन लावलं, जिल्ह्याच्या हॉस्पिटलला फोन केला. मधेच विचारलं, आठवड्याची कॅप्सूल घेतली होती का.

"बैलान घेतल्यान," भाई म्हणाला.

त्यांनी लिहिता लिहिता वर बघितलं. "बैल कसा आहे?"

"बरो आसा."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी काकीला बाजूला घेऊन सांगितलं की हा आजार लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनीही बरा होतो, आणि आता मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धरली आहेत. ताप आल्यावर लगेच का आणलं नाही, असंही विचारलं.  मी म्हटलं, देवळात होतो. त्यांनी मान हलवली.

भाई जिल्ह्याच्या हॉस्पिटलात गेला. शेवटी त्याच्या खोकल्यातून रक्त पडत होतं. बोलता येत होतं तोवर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला तो आपला कौल उजवा झाल्याचं सांगत होता.

तेराव्यानंतर काकीने बैलाला शिवी दिल्याचं कोणी ऐकलं नाही. ती त्याला पेज घालते आणि बराच वेळ गोठ्यातच बसून राहते. आशाताईने दिलेली कॅप्सूल तिच्यासमोर गिळते, मग तोंड उघडून दाखवते. कोणी न सांगता.

दसरा आला. मान आमच्याच घरात राहिला, कौलाने तो शाबूत ठेवला होता. तरंग माझ्या खांद्यावर आलं. भाई ते कसं पेलायचा कोण जाणे, तेही पिऊन. देवळाच्या पायरीवर बाबू खांबाला धरून उभा होता, झोकांड्या देत, डोळे लालभडक.

बायकांच्या घोळक्यातून काकी निघाली. मिरवणूक थांबली, ढोल थांबले. ती बाबूच्या पायाशी बसली आणि त्याची पोटरी दाबली. मग दुसरी दाबली, जोर लावून, दोन्ही अंगठ्यांनी. बाबूला गुदगुल्या झाल्या, तो खिदळायला लागला. कोणीच हसलं नाही. पायावर काकीच्या डोळ्यांतलं पाणी पडलं तसा तोही गप्प झाला.

काकी उठली, पदराने तोंड पुसलं आणि देवाकडे बघून म्हणाली,

"हेका काय होवक नाय. हो नुसतो पियालो हा."

"व्हय म्हाराजा," मागून कोणीतरी सवयीने म्हणालं.