विकायची नसलेली खुर्ची

आमच्या घरात कुठल्याही वस्तूवर जीव लावायचा नाही, असा अलिखित नियम आहे. आम्ही नवरा-बायको लोकांचं वापरलेलं घरसामान विकत घेतो, घासूनपुसून, सैल झालेले स्क्रू पिळून पुढच्याला विकतो. तळमजल्यावरच्या तीन खोल्यांपैकी दोन दुकानाच्या आणि तिसरी आमची, असं आम्ही लोकांना सांगतो. खरं म्हणाल तर ती हद्द रोज सरकते. गेल्या वर्षभरात मी चार पलंगांवर झोपले आणि एकही माझा नव्हता. मला त्याचं काही वाटत नाही. दर दोन महिन्यांनी नवं कपाट वापरायला मिळणारी बाई सुखीच म्हणायची.

सासूबाईंना मात्र हे पटत नव्हतं. सासरे गेल्यापासून त्या थोरल्या दिरांकडे राहायच्या, आणि तिकडचं घर कसं, सगळं जिथल्या तिथे. आईनं आता आपल्याकडे राहावं, अशी ह्यांची फार इच्छा. बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर त्या पंधरा दिवसांसाठी आल्या, तेही बजावून, की जमलं तर राहीन, नाहीतर आपली परत जाईन. ह्यांनी खिडकीजवळचा कोपरा त्यांना दिला, नुकतीच आलेली हातांची लाकडी खुर्ची तिथे मांडली आणि जाहीर केलं, की या कोपऱ्यातलं काहीही विकायचं नाही. मला तर दोनदा ऐकवलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

चौदा दिवस बरे गेले. सासूबाई खुर्चीत बसून पेपर वाचायच्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. मी कधी मिक्सर उघडून बसलेली, कधी पंख्याची पाती पुसत असलेली. त्यांना ते आवडतंय की खटकतंय, काही कळायला मार्ग नव्हता. बाई हूं की चूं करतील तर शपथ.

पंधराव्या दिवशी सकाळी हे कुठलंसं सामान बघायला गेले होते. एक तरुण जोडपं आलं. नवा संसार, खिसा बेताचा. त्यांनी टेबलाचा भाव विचारला, मी सांगितला. शेगडीचा विचारला, सांगितला. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं बोट जिकडे वळेल तिकडे भाव गेलाच पाहिजे. जरा अडखळलं, की समोरचा घासाघीस सुरू करतो. मुलीचं बोट खिडकीकडे वळलं.

"आणि ती?"

"बाराशे," मी म्हणाले.

खुर्चीत सासूबाई बसलेल्या होत्या.

पेपर हळूच खाली आला. जीभ चावली, पण बोललेलं परत घेता येतं थोडंच? मुलगा बिचारा ओशाळून दाराकडे सरकला. मी सारवासारव करायला लागले, की चुकून तोंडातून गेलं, ती विकायची नाही. सासूबाईंनी हातानंच मला गप्प केलं, पेपरची घडी घातली आणि उठल्या. आता या सामान बांधणार, असंच मला वाटलं. ह्यांना मी काय तोंड दाखवणार होते?

"बसून बघ आधी," त्या मुलीला म्हणाल्या. "डावा हात जरा हलतो. हे हिनं सांगायला हवं होतं. पण पाठीला आधार छान आहे. चौदाशेच्या खाली नाही मिळायची."

जोडप्यानं बरीच हुज्जत घातली. सासूबाई तेराशेवर आल्या आणि तिथून तसूभरही हलल्या नाहीत. खुर्ची गेली.

रिकाम्या कोपऱ्यासमोर मी मान खाली घालून उभी राहिले. म्हटलं, आई, चुकलं माझं, तुम्ही बसलेल्या असताना भाव सांगितला, ह्यांना मी स्वतः सांगते.

त्या भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "थोरली गुणाची आहे. मला बसवते, सगळं हातात आणून देते. माझ्या पायांच्या कडेकडेनं केर काढते, पण ऊठ म्हणत नाही. दोन वर्षांत मला कुणी ऊठ म्हटलं नाही गं."

मला भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी हाताशी आलेला एक जुना कुकर घासायला घेतला. सासूबाई दोन मिनिटं बघत राहिल्या आणि त्यांनी माझ्या हातातून घासणीच काढून घेतली.

"कडेला हातच लावत नाहीस तू," म्हणाल्या. "सरक. आणि थोरल्याला फोन कर. वाट बघू नका म्हणावं."