वीस मीटर, पाच सेकंद

तालुक्याच्या विज्ञान प्रशिक्षणात नमुना पाठ घ्यायला शाळेतून एकच शिक्षक जातो. गेली अकरा वर्षं रोहिणीबाई जात होत्या. यंदा मुख्याध्यापकांनी विस्तार अधिकाऱ्यांना संध्या मॅडमचा तास बघायला बोलावलं, तेव्हा बाईंना कळायचं ते कळलं.

संध्या दोन वर्षांपूर्वी शेलूहून येऊ लागली. तिच्या तासाला पडद्यावर चेंडू पडत, ग्रह फिरत. दहावीची मुलं सुटीनंतर घंटेआधीच प्रयोगशाळेच्या दाराशी उभी असत. रोहिणीबाईंकडे एक दगड, एक स्टॉपवॉच आणि शाळेची गच्ची होती. दर जूनमध्ये मुलं गच्चीवरून दगड सोडून वेळ मोजत. बाईंच्या दाराशी मात्र कुणी थांबत नसे.

अधिकारी यायचे त्या मंगळवारी मधल्या सुटीत प्रयोगशाळा बंद होती. किल्ली बाईंकडे असे; त्या दार उघडून आत गेल्या. संगणक चालूच होता: वीस मीटरचा मनोरा, टोकावर लाल चेंडू. बाजूच्या यादीत ‘पृथ्वी’ निवडलेली होती. बाईंनी ‘चंद्र’ निवडला, यादी मिटवली आणि कुलूप लावलं.

तासाला त्या अधिकाऱ्यांशेजारी मागच्या बाकावर बसल्या. संध्याने चेंडू सोडला. तो रमतगमत खाली आला. आकडा उमटला: ४.९७ सेकंद. संध्याचे कान लाल झाले. बाईंना बरं वाटलं.

“नाय मॅडम,” भागी उठली. ती कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली. “इतका हळू नाय पडत. आमी गच्चीवरनं दगड सोडला तवा सव्वा सेकंद पन नाय लागला.”

“गच्ची सात मीटर हाय गं,” साईराज म्हणाला. “ह्यो मनोरा वीस.”

“म्हनून पाच लागतील व्हय रं? दोन लागतील फार तर.”

संध्या पडद्याकडे वळली. “मग हा चेंडू पडतोय कुठं? शोधा.”

वर्ग वह्यांवर वाकला. सूत्र उलटं सोडवल्यावर गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १.६२ आलं.

“चंद्रावर हाय हा,” भागी म्हणाली. वर्ग हसला, अधिकारीही हसले.

“चूक मुद्दाम ठेवली होती ना मॅडम?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

संध्याने आधी यादी उघडून पाहिली, मग मागच्या बाकाकडे. “रोहिणीबाईंनी ठेवली होती, सर. दगडाचा आकडा मुलांना त्यांनीच दिलाय.”

“वा,” अधिकारी म्हणाले आणि वहीत लिहिलं: नमुना पाठ, संध्या मॅडम. खाली बारीक अक्षरात: मदतीला रोहिणीबाई.

बाईंना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

शाळा सुटल्यावर बाई गच्चीचा दगड कपाटात ठेवायला निघाल्या, तेव्हा संध्या जिन्यात भेटली. “प्रशिक्षणाच्या दिवशीही चंद्र तुम्हीच लावा, बाई. यादीत कुठं असतो ते तुम्हाला ठाऊक आहे.” आवाजात राग नव्हता. बाईंना तो असता तर बरं झालं असतं.

मागून भागी धावत आली आणि बाईंना ओलांडून संध्यापाशी थांबली.

“मॅडम, मंगळावर दगड किती येळात पडंल?”

दगड बाईंच्या हातात होता.