किलोभर हलकी सायकल

शाहूपुरीतल्या गूळबाजारात श्रीशैलचं अडतीचं दुकान होतं, पण त्या वर्षी, म्हणजे २००१ साली, त्याचा जीव गुळापेक्षा सायकलीत जास्त अडकला होता. त्यानं आणि कॉलेजात शिकवणाऱ्या सौमित्रनं पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन जपानी माउंटन बाइक आणल्या होत्या. पोलादी फ्रेमच्या, वीस वर्षांपूर्वीच्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच मापाच्या. म्हणजे भांडायला खरं तर जागाच नव्हती. पण दिवाळीच्या पाडव्याला दुकानातल्या काट्याची पूजा झाली आणि हळदकुंकू वाळायच्या आत श्रीशैलनं आपली सायकल त्यावर चढवली. बारा किलो! सौमित्रची रेल्वेच्या पार्सल काट्यावर तेरा भरली होती.

झालं, गडी हवेत. "माझ्या फ्रेमच्या नळ्याच पातळ हायत की," हे त्यानं चहावाल्यापासून गूळ घालायला येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. सौमित्र शांतपणे म्हणायचा, "वजनाचं सोड रे. वाघबिळाच्या उताराला चाल बघ. माझी लोण्यासारखी जाते, तुझी दाणदाण आदळते." हे मात्र श्रीशैलला मिरची लागल्यासारखं झोंबायचं.

माघात एका सकाळी, ऐन सौद्याच्या वेळी, सौमित्र आपली सायकल घेऊन दुकानात आला. "दोघींना एकच काटा लावू या, म्हणजे वाद मिटला."

"चढीव की! समद्यांच्या साक्षीनं हूं दे," श्रीशैल गरजला आणि त्यानं शेतकऱ्यांना हाका मारून गोळा केलं.

काटा बारावर थांबला.

"अरे, माझीपण बारा!" सौमित्र हरखला. मग मास्तरकीची खोड जागी झाली. "पण मग एक किलो गेला कुठं?"

काटा श्रीशैलच्या वडिलांनीच तसा बसवून घेतला होता, गुळाच्या प्रत्येक रव्यामागं, म्हणजे ढेपेमागं, किलोभर आपल्याकडं. त्याला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण गुळाशी लबाडी करणारा काटा आपल्या सायकलीशी तरी खरं बोलेल, असं त्याच्या मनानं धरलं होतं.

उचगावचा जोतीराम रवे घेऊन आला होता. त्यानं कोपऱ्यातलं सरकारी छापाचं दहा किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. नऊ.

"काल हमालानं काटा आदळलाय," श्रीशैल घाईनं म्हणाला. "कालपासनंच बिघडलाय त्यो!"

"कालपासनं व्हय?" जोतीराम म्हणाला. "पर मालक, सायकल तर तुम्ही पाडव्याला तोललीसा. बारा किलो म्हणून मला तीनदा सांगितलंसा की."

शेतकरी एकेक करून आपले रवे उचलायला लागले. सौमित्रला फार वाईट वाटलं. त्यानं मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस. खरं सांगतो, चाल तुझ्याच सायकलची चांगली आहे."

पाडव्यापासून हे एक वाक्य ऐकायला श्रीशैल आसुसला होता. समोर जोतीरामचा शेवटचा रवा पलीकडच्या अडतीच्या काट्यावर चढत होता.