तिसरा डबा

माणूस नाकाच्या जोरावर पोट भरतो, असं मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आमचे हे खरोखर नाकावर जगायचे. वीज केंद्रात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे 'नाकवाले' म्हणत. त्यांचं काम एकच होतं. लाकडाच्या चुऱ्याचा ढीग आतून तापतोय की नाही, ते वासावरून ओळखायचं.

ढीग म्हणजे झाडून गोळा केलेला ढीग नव्हे. तीन मजली घराएवढा उंच आणि चालत वळसा घालायला दहा मिनिटं लागतील एवढा रुंद. दिवसभर ट्रक यायचे. फांद्या, साली, भुसा, वाळलेली धाटं, सगळं बारीक केलेलं. माझं टेबल फाटकाजवळच्या खोलीत होतं. प्रत्येक ट्रकमधून ओंजळभर चुरा काढायचा, तोलायचा, छोट्या भट्टीत वाळवायचा आणि परत तोलायचा. जेवढं वजन घटलं तेवढं त्यात पाणी. निम्म्याहून जास्त पाणी निघालं की ट्रक परत. ड्रायव्हर माझ्या नावाने बोटं मोडायचे. मोडोत बापडे, मी काही त्यांची मेहुणी लागत नव्हते.

त्या ढिगावर डोझर चालवायचा माझा धाकटा भाऊ. त्याला आम्ही टकळी म्हणायचो, कारण तोंडाला खीळ म्हणून नाही. मीच साहेबांच्या मागे लागून त्याला तिथे चिकटवला होता. तो ढिगावर चढून चुरा सरकत्या पट्ट्याकडे ढकलायचा आणि पट्टा तो उचलून भट्टीत टाकायचा. पहिल्या आठवड्यात त्याने आईला कुकर दाखवून सगळं समजावलं होतं. म्हणाला, शिट्टी उचलते ती वाफ, तीच वाफ कोंडून भयंकर जोराने पात्यांवर सोडली की पाती गरगर फिरतात, पात्यांना जोडलेलं चुंबक तांब्याच्या वेटोळ्यात फिरतं आणि तिथे वीज तयार होते. भट्टीच्या भिंतीसुद्धा नळ्यांच्याच असतात, नळ्यांत पाणी असतं. पाती फिरवून दमलेली वाफ गार करून पुन्हा पाणी करतात आणि तेच पाणी परत नळ्यांत. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एवढे शिकले-सवरलेले लोक, एवढं मोठं धुराडं, आणि शेवटी पेटवली काय, तर चूलच?" टकळी म्हणाला, "चूलच आई. फक्त धूर तुझ्या डोळ्यांत जात नाही." त्यानंतर आई केंद्राला चूलच म्हणायची. 'चुलीवरून आलास का?' असं विचारायची.

आता ढीग तापतो कसा, तर उकिरडा तापतो तसाच. ओला चुरा दाबला गेला की आत कुजतो, कुजताना गरम होतो आणि ती उष्णता बाहेर निघायला वाट मिळत नाही. मग आत विस्तव धुमसतो. वरून काही दिसत नाही. आत जळून पोकळी होते, वर नुसती साय. यंत्रं होती मोजायला, चार. त्यांतली दोन बंद आणि उरलेली दोन मनाला येईल ते दाखवायची. साहेबांचा विश्वास ह्यांच्या नाकावर. हे रोज सकाळी लांब पोकळ सळई घेऊन ढिगावर चढायचे, तीन ठिकाणी खुपसायचे, आतला चुरा ओढून काढायचे आणि हुंगायचे. आधी आंबूस वास येतो, तो चालतो. मग गोडसर येतो, पाक लागायला आल्यासारखा. गोडसर आला की त्या बाजूला माणूस पाठवायचा नाही, पाण्याचे पंप लावायचे आणि कडेने ढीग फोडत जायचं. ह्यांनी दोनदा असा ढीग वाचवला होता.

मग ह्यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणात होते. उठले, कामावर जायला लागले, आणि एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर येते तो घरभर करपलेल्या दुधाचा वास. हे चुलीपासून दोन हातांवर बसून दाढी करत होते. पातेलं काळं ठिक्कर. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, आणि त्यांचा चेहरा जो उतरला तो मी विसरणार नाही. दहा दिवस झाले होते म्हणे वास जाऊन. कांदा नाही, साबण नाही, काही नाही.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार. मी म्हटलं, साहेबांना सांगा. तर म्हणाले, नाकवाल्याचं नाक गेलं म्हणून सांगू? चार लोकांत हसं करून घेऊ? नोकरी गेली असती हे तर होतंच, पण त्याहून त्यांचा मान तिथेच होता. आणि खोटं कशाला बोलू, मला पण तो मान आवडायचा. नाकवाल्यांची बायको म्हणून कॅन्टीनमध्ये जागा मिळायची.

तेव्हा युक्ती मीच काढली. नाक माझं, नाव ह्यांचं. हे सकाळी सातला ढिगाच्या तीन जागांचा चुरा तीन झाकणाच्या डब्यांत भरून आणायचे आणि माझ्या खिडकीबाहेरच्या कठड्यावर ओळीने ठेवायचे. पहिला डावीकडचा, दुसरा मधला, तिसरा उजवीकडचा. माझ्याकडे तशीही दिवसभर डब्यांची रांग, कुणाला संशय येणार? मी हुंगायची आणि डबा परत कठड्यावर. झाकण सरळ असलं तर ठीक, उलटं असलं तर गडबड. हे नऊला समोरच्या रस्त्याने जाता जाता नजर टाकायचे आणि वहीत लिहायचे. जवळ यायची, बोलायची गरजच नाही. दहा महिने बिनबोभाट चाललं. एकदा मी मधलं झाकण उलटं ठेवलं, ह्यांनी पंप लावायला सांगितले, आणि फोडल्यावर आत खरंच काळं निघालं. साहेबांनी सगळ्यांसमोर ह्यांची पाठ थोपटली. घरी आल्यावर ह्यांनी माझे पाय दाबून दिले, हेही सांगते.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नाही. चांगला डबा आणि न उघडलेला डबा दिसायला सारखाच.

त्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये चहा चालला होता. बाहेरून कुणी पाहुणे आले होते आणि साहेब त्यांना ह्यांच्या नाकाचं कौतुक ऐकवत होते. हे फुगले. पुरुष फुगला की त्याला आवरणं कठीण, त्यात ऐकायला पाहुणे. कुणीतरी विचारलं, वहिनींचं नाक पण असंच आहे का? तर हे म्हणाले, "हिला काय, साबण आणि खोबरेल सारखंच." सगळे हसले. टकळी सगळ्यात मोठ्याने हसला आणि वर म्हणाला की ताईच्या हातचं जेवायचं तर नाक नसलेलंच बरं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? थट्टा करणं त्याच्या रक्तातच. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा महिने रोज तो कुजका चुरा हुंगतेय मी, आणि वर हे ऐकून घ्यायचं?

मी अबोला धरला. संध्याकाळी ताट वाढलं, शब्द नाही. हे दोनदा खाकरले, एकदा म्हणाले की अगं मी आपलं गमतीत. मी भांडी आदळली. मनात म्हटलं, उद्या तुमचं नाक तुम्हीच चालवा. येतील झक मारत खिडकीशी, म्हणतील, बाई, हुंग एकदाचं. मग हुंगीन.

सकाळी सातला त्यांनी तीन डबे कठड्यावर ठेवले आणि माझ्याकडे बघून जरा हसले. मी वजनकाट्यात डोकं घातलं. डब्यांना हात लावला नाही. आठ वाजले, साडेआठ वाजले. त्या आठवड्यात माल ओला येत होता, त्यामुळे ट्रकची रांग लागली होती आणि मी दोन ट्रक परत पाठवले होते. मधून मधून खिडकीकडे बघत होते. डबे ओळीने उभे होते. नऊला हे रस्त्याने गेले. मी मुद्दाम पाठ केली. यायचं तर या, म्हटलं, आत या आणि बोला. ते आले नाहीत. मला वाटलं, आले नाहीत म्हणजे अजून अकड आहे. त्यांनी झाकणं पाहिली होती. तिन्ही सरळ. वहीत 'ठीक' लिहून ते चहाला गेले.

साडेदहाला भोंगा झाला. मी बाहेर पाहिलं. ढिगावर उजव्या खांद्याला डोझर असायला हवा होता, पाच मिनिटांपूर्वी होता. तिथे डोझर नव्हता. तिथे एक भोक होतं आणि त्यातून धूर सरळ वर चालला होता.

धावायच्या आधी मी तिसरा डबा उघडला. का उघडला, देव जाणे. गोडसर वास होता. नाकाजवळ न्यायलाही नको, उघडल्या उघडल्या नाकात भरला.

टकळीला काढायला पाच तास लागले. त्याबद्दल मी सांगणार नाही. आईला त्याचं तोंड दाखवलं नाही एवढं सांगते.

चौकशीला तिघं आले. वही समोर ठेवून त्यांनी ह्यांना विचारलं, उजव्या बाजूला वास आला होता का? मी दाराशी उभी होते. वाटलं, आता हे सांगतील की माझी बायको हुंगायची. मीही तयार होते, एका परीने. हे म्हणाले, "वर्ष होत आलं, मला कशाचाच वास येत नाही. मी लपवलं. वहीत अंदाजाने लिहीत होतो." माझं नाव नाही, डब्यांचं नाव नाही. साहेब खाली मान घालून बसले. त्यांनी दहा वेळा पाठ थोपटली होती, आता त्याच हाताने ह्यांना काढून टाकण्याच्या कागदावर सही केली. पुढे खटला होईल असं म्हणतात.

त्या संध्याकाळी हे मला म्हणाले की तू मनाला लावून घेऊ नकोस, नाकच ते, एखाद दिवस चुकतं, माझंही चुकलं असतं. त्यांना वाटत होतं मी हुंगलं आणि मला कळलं नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं पण. आणि काय म्हटलं, तर "जेवून घ्या."

आईला मी आमच्याकडे आणलं, दुसरं कोण होतं तिला? पण ती जावयाचं तोंड बघेना. पूर्वी जावईबापू, जावईबापू करायची, आता 'तो' म्हणायची. तो आत असला की ही बाहेर. त्याने भरून ठेवलेलं पाणी ही पीत नसे, पुन्हा नळावर जाऊन आपला तांब्या भरून आणायची. दिवसातून चारदा म्हणायची, माझं पोर ह्याने खाल्लं, नाकाच्या तोऱ्यापायी खाल्लं. हे निमूट ऐकायचे आणि पायरीवर जाऊन जेवायचे. आणि संध्याकाळी आई तिच्या खोलीत दिवा लावू द्यायची नाही. त्या चुलीचा उजेड मला नको, म्हणायची. महिनाभर ती अंधारातच बसायची.

मी ते ऐकत राहिले, महिनाभर. माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला शिव्याशाप मिळत होते आणि मी पोळ्या लाटत होते. माझ्यासारखी कोडगी मीच.

शेवटी एका संध्याकाळी आईने त्यांचं ताट पायरीवरून उचलून बाहेर फेकलं. हे उठले आणि सांडलेलं गोळा करायला लागले, एकेक शीत. ते मला बघवलं नाही. मी आईला धरून आतल्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. दुधाचं, डब्यांचं, झाकणांचं, कॅन्टीनमधल्या हसण्याचं. म्हटलं, "आई, मी डबे उघडलेच नाहीत. रागाने. ते ठीक समजले कारण झाकणं सरळ होती. टकळीला मी मारलं."

आई माझ्याकडे बघत राहिली. अंधारात तिचे डोळे दिसत नव्हते. हे केव्हा दारात येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांच्या हातात ते फेकलेलं, चेपलेलं ताट होतं. त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग ते आईला म्हणाले, "ऐकू नका तिचं. असे काही डबे नव्हते. माझ्यावरचं स्वतःवर ओढून घेतेय."

मी म्हटलं, अहो, असं का करताय? खरं सांगा. तर ते तेच पुन्हा म्हणाले, हळू आवाजात, चौकशीला सांगितलं होतं तसंच. डबे नव्हते. आणि ताट घेऊन मोरीत घासायला गेले.

आईने कोंडलेला श्वास सोडला. तिने मला जवळ ओढलं. "नवऱ्याला किती पाठीशी घालशील गं," ती म्हणाली. "भाऊ गेला तरी तुझी माया त्याच्यावरच." ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी म्हणत होते, आई, खरंच, आई, अगं ऐक. ती म्हणत होती, गप, गप, माझी बाई. मोरीत भांडं घासल्याचा आवाज येत होता.

मग ती उठली, भिंत चाचपत गेली आणि महिन्यात पहिल्यांदा तिने त्या खोलीतला दिवा लावला. "रडून रडून काय करून घेतलंस बघू," म्हणाली. "वर कर तोंड."

मी तोंड वर केलं नाही.