भाडोत्री रडणं

निकाल लागला तेव्हा सोनुन बिश्केकमधल्या आपल्या औषधांच्या दुकानात होती. समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं असताना तिने फोन उचलला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?"

गाव म्हणजे किर्गिझस्तानातल्या नारिनच्या डोंगरातलं कारा-बुलुन. तिथे सगळ्यांनी पुन्हा गरुड पक्षाच्या तोक्तोसूनलाच निवडून दिलं होतं. सोनुन पहाट पक्षाची, पत्रकं वाटून वाटून तिचे पाय सुजले होते. आणि या तोक्तोसूनने गावाला दिलं काय? रस्ता अर्धा खणून ठेवला, नळ कोरडा, दवाखान्याला कुलूप. तरी मत त्यालाच! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"पिठाच्या पोत्यावर विकलंत स्वतःला," तिने पुढे लिहिलं.

"कसलं पोतं गं? आमच्याकडे नाही आलं," शाळेत तिच्या बाकावर बसणारी चोल्पोन म्हणाली. "तुझ्याच दुकानात अडकलंय का बघ." त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

"मग मत कशासाठी दिलंत? एक कारण सांगा. एक!"

जुमाश-अतांना, म्हणजे जुमाश आजोबांना, टाइप करता येत नाही. त्या म्हाताऱ्याने बोलूनच पाठवलं. "पोरी, तुझी आई गेली तेव्हा तोक्तोसून आला होता. वळणावर गाडीतून उतरला आणि 'आई गं माझी' म्हणून हंबरडा फोडत तुमच्या दारापर्यंत चालत आला. तुमच्या पहाटवाल्याने काय केलं? फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. जो आपल्या दारी रडायला येतो, तो आपला. झालं. आणखी काय कारण पाहिजे तुला?"

सोनुनचा तोल तिथे गेला. त्या दिवशी खिंड बर्फाने बंद होती, ती पोचली तेव्हा आईला माती देऊन झाली होती. तो सल जुना नव्हता, आणि म्हाताऱ्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"सरकार निवडता का रडायला माणसं?" तिने लिहिलं. "त्याचं रडणं भाडोत्री. आणि आमच्या दारात येऊन जे जे रडले ना, सगळ्यांचं तसलंच. मतांसाठी नाहीतर मटणासाठी!"

मग जुमाश-अता ग्रुपमधून बाहेर पडले. चोल्पोन बाहेर पडली. एकामागून एक नावं गळायला लागली, आणि तेवढ्यात थोरल्या भावाचा, एसेनबेकचा फोन आला.

"काय लिहिलंस ते वाचलंस तरी का?"

"बाइके, अरे दादा, मी त्या तोक्तोसूनला—"

"त्याला एकट्याला? आईला कबरीत उतरवणारे हात आहेत ते सगळे! एकही जण मागे राहिला नाही, थंडी बघितली नाही त्यांनी. शनिवारी चाळिसावा दिवस आहे. आईच्या शोकाच्या तंबूपुढे आता रडत हाक कोण देणार, तुझा पक्ष?"

"पुसून टाकते मी."

"पूस. लोकांच्या डोक्यातनं पुसता येतं का, तेही बघ."

शनिवारी अंगणात तंबू उभा राहिला, घोडा कापला, बोरसोकांचा, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग पडला. रिवाजाप्रमाणे सोनुन तंबूत, दाराकडे पाठ करून बसली. बाहेर एसेनबेक काठीवर वाकून रडू लागला. येणाऱ्या पुरुषांनी लांबूनच हंबरडा फोडायचा आणि आतल्या लेकीने त्याला विलापाने उत्तर द्यायचं. तिथे असंच चालतं.

लोक आले. सगळे आले, कोणी मागे राहिलं नाही. पण मुक्याने आले. हात धुतले आणि जेवायला बसले.

"बाबा रे," जुमाश-अता एसेनबेकला म्हणाले, आत ऐकू जाईल अशा बेताने, "आम्ही मटणासाठीच आलोय. रडलो तर भाडोत्री ठरू."

एसेनबेक एकटाच रडत राहिला. त्याचा आवाज चिरकला, तरी साथीला कुणाचा घसा उघडला नाही. मेलेल्या बाईवर कसला सूड उगवता रे, असं ओरडावंसं सोनुनला वाटलं. पण ते शब्द तिनेच त्यांच्या हातात दिले होते, आणि याचा राग तिला सगळ्यांत जास्त आला.

तेवढ्यात वळणावरून आवाज आला. "आई गं माझी!"

तोक्तोसून. आता निवडून आलेला, वर्षानुवर्षं मताची गरज नसलेला. भांडण त्याच्या कानावर गेलं असणार, आणि हीच वेळ साधून आला असणार. तो हिशेबीच आहे याबद्दल तिला तेव्हाही शंका नव्हती. पण तो पायी येत होता, आणि हंबरडा जवळ येत होता. बाहेर ताटं सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी उठलं. जुमाश-अतांचा बारीक, फाटका आवाज आधी मिसळला, मग दुसरा, मग सगळेच, आणि त्यात एसेनबेकचा आवाज बुडून गेला.

"दे ना आवाज," वहिनीने तिला कोपराने ढोसलं. "वाट बघतायत."

"मेल्या, तूच का यायचास?" सोनुन दात आवळून पुटपुटली. आणि मग तिने आईला हाक मारली, इतक्या जोरात की बाहेर तोक्तोसूनसुद्धा क्षणभर रडायचा थांबला.