तीन हे मूळ नव्हतंच

थोरली जाऊ बावीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. धाकटी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून द्यायची. आणि थोरलीची दहावीतली लेक वर्गसमीकरणं शिकायला आईकडे न बसता काकूच्या खोलीत जायची.

"तू लगेच सूत्रावर येतेस, आई. काकू म्हणते, आधी सहगुणक बघ. मुळांची बेरीज आणि गुणाकार त्यांतच असतात."

हेच आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो, असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लेक तिच्याच वर्गात होती. चाचणीचा पेपर काढताना भिंतीपलीकडे पुन्हा हसणं सुरू झालं. थोरलीने मुद्दाम x² चा सहगुणक दोन ठेवला. दोनने भागायला विसरली की काकूची शिष्या अडकणार. 'एक मूळ तीन आहे, दुसरं काढा.' त्या रागात शेवटी नऊऐवजी बारा लिहिलं गेलं: 2x² − 9x + 12 = 0.

पेपर तपासताना तिला ते कळलंच नाही. बहुतेकांनी दीड लिहिलं होतं. तिने खुणा केल्या. मग लेकीचा पेपर आला.

'बेरीज साडेचार, म्हणून दुसरं मूळ दीड. गुणाकार सहा, म्हणून दुसरं मूळ दोन. दोन्ही जुळत नाहीत. तीन हे मूळ नाही.'

थोरलीने समीकरणात तीन घालून पाहिलं. शून्य आलं नाही. तरी तिने लाल पेनाने लिहिलं, 'उत्तर लिहिलेलं नाही.' खाली शून्य.

दुसऱ्या दिवशी लेकीने पेपर पाहिला आणि दप्तरात ठेवला. संध्याकाळी धाकटी तो घेऊन स्वयंपाकघरात आली.

"ताई, हिचं बरोबर आहे."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. ती म्हणाली, आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

थोरलीने गॅस बंद केला. "मला तपासतानाच कळलं होतं."

"मग शून्य का?"

"ती तुझ्याकडे येते म्हणून."

धाकटीने पेपर ओट्यावर ठेवला. "माझ्यापुढे चुकायची तिला लाज वाटत नाही. तुझ्यापुढे वाटते. एवढंच आहे, ताई."

सकाळी थोरलीने वर्गात सांगितलं, "प्रश्न माझा चुकला. हे फक्त एकीने पकडलं." तिने सगळ्यांना गुण दिले. लेकीला शून्य का दिलं, हे मात्र मधल्या सुट्टीत तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. लेक ऐकत राहिली आणि "बरं" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी ती काकूकडेच गेली. हसणं ऐकू आलं, आणि थोरलीचा जळफळाट झालाच. तरी वह्यांचा गठ्ठा उचलून ती त्या खोलीत गेली.

"सरक जरा," ती लेकीला म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली.